‘निसर्गानेच ठरवलंय’ म्हणणाऱ्या बाबांना काय सांगू?

पत्र थोडक्यात असं आहे: “माझे बाबा ७४ वर्षांचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्या डोळ्याचा तर चांगलाच वाढलाय, डॉक्टर वर्षभर सांगतायत ऑपरेशन करून घ्या. कानालाही कमी ऐकू येतं, मशीन घेतलं ते कपाटात पडून आहे. बाबांचं एकच म्हणणं, ‘पुढच्या पिढीला जागा व्हावी म्हणून निसर्गानेच म्हातारपण ठरवून दिलंय, मुलं मोठी झाली, आपलं काम संपलं, आता शरीर बंद पडायला लागलंय तर त्यात लुडबुड कशाला.’ आयुष्यभर सायन्स वाचलेला माणूस आहे त्यामुळे इमोशनल होऊन काही सांगितलं की ते फक्त हसतात. दुसऱ्या बाजूला माझा दादा नेटवरून वय मागे नेणाऱ्या गोळ्या मागवतोय, स्वतः घेतोय आणि बाबांनाही सुरू करू म्हणतोय. निसर्गाने खरंच असं ठरवलंय का? आणि या दोघांना मी काय सांगू?”

तुमचं पत्र वाचून पहिली गोष्ट जाणवली ती ही की बाबा हट्टी वगैरे नाहीयेत, त्यांच्याकडे एक थिअरी आहे आणि ते तिच्याशी प्रामाणिकपणे वागतायत. अशा माणसाला ‘निदान आमच्यासाठी तरी करा ना’ म्हणून उपयोग नसतो, त्यांच्या थिअरीलाच उत्तर द्यावं लागतं. आणि उत्तर आहे. ती थिअरी चुकीची आहे. हे मी बाबांना बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती केव्हाच बाजूला ठेवलीये, आणि का ठेवली ती गोष्ट मला स्वतःला इतकी आवडते की जरा सविस्तर लिहितो, शांतपणे बसून बाबांना वाचून दाखवा.

जागा रिकामी करून देण्याची कल्पना खूप जुनी आहे. ऑगस्ट वाइझमान हे जर्मन जीवशास्त्रज्ञ, डार्विननंतरच्या पिढीतलं फार मोठं नाव, त्यांनी १८८० च्या दशकात साधारण हेच मांडलं होतं की झिजलेली म्हातारी जनावरं जातीच्या उपयोगाची नसतात, उलट तरण्यांची जागा अडवतात, म्हणून नैसर्गिक निवडीनेच आयुष्याला मर्यादा घातली. ऐकायला एकदम पटतं. पण नीट बघितलं तर यात गोल फिरून तिथेच आल्यासारखं होतं. जनावर झिजतं का, हाच तर मूळ प्रश्न होता, आणि उत्तर देताना ते झिजतं हे आधीच धरून चाललोय. जे जनावर विसाव्या वर्षीही दुसऱ्या वर्षाइतकंच धडधाकट आहे आणि पिल्लं घालतंय त्याला हटवून जातीचा काय फायदा? काहीच नाही.

शिवाय समजा एखाद्या जातीत सगळे ठरलेल्या वयाला गुमान मरतायत आणि त्यात एक असा जन्मला की ज्याच्यात ते मरायला लावणारं जीन बिघडलेलं आहे, तो मरत नाही, जगत राहतो, त्याला पिल्लं होत राहतात, ती पिल्लं पण त्याच्यासारखीच, मग काही पिढ्यांनी सगळीकडे त्याचीच प्रजा दिसणार ना. म्हणजे ‘दुसऱ्यांसाठी मरा’ हा नियम असला तरी तो टिकणं फार अवघड आहे. आणि सगळ्यात साधी गोष्ट, रानात म्हातारी जनावरं असतात किती? रानातले उंदीर बहुतेक पहिल्या वर्षातच संपतात, कोणीतरी खातं, थंडी मारते, रोग येतो, उपासमार होते. जे म्हातारे होईपर्यंत उरतच नाहीत त्यांना मारायला वेगळी यंत्रणा कशाला लागेल? वाइझमान स्वतःसुद्धा पुढे या मतापासून बरेच लांब गेले.

आता बाबा म्हणतील, बरं ठरवून नसेल, पण वापरलेली वस्तू झिजतेच की. हे पण सरळ मान्य करू नका. आतड्याचं आतलं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, हाड मोडलं तर जुळतं, पेशीतला डीएनए रोज तुटतो आणि रोज दुरुस्त होतो, बाहेरून अन्न आणि ऊर्जा मिळत असलेल्या जिवंत शरीराला झिजत जाण्याची भौतिकशास्त्राची कुठलीही सक्ती नाही. जॉर्ज विल्यम्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने यातलं कोडं फार नेमकं पकडलं होतं, की एका पेशीपासून सुरुवात करून अख्खं शरीर उभं करण्याचं प्रचंड अवघड काम जे करू शकतं त्याला ते तयार शरीर नुसतं सांभाळण्याचं सोपं काम का जमू नये? आणि सांभाळणं अशक्य नाही याचा पुरावा आपल्या सगळ्यांच्या आतच आहे. ज्या बीजपेशींपासून तुम्ही झालात त्या बाबांच्या आणि आईच्या, त्यांच्या त्यांच्या आईवडिलांच्या, असं मागे मागे जात ३५० कोटी वर्षांहून जास्त काळ पेशीतून पेशी अशी ही साखळी एकदाही न तुटता चालत आलीये. हायड्रा नावाचा गोड्या पाण्यातला छोटासा जीव आहे, तो प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं ठेवून बघितला तर वय वाढल्याने त्याचं मरणाचं प्रमाण वाढताना दिसत नाही. ग्रीनलंड शार्कच्या २०१६ सालच्या अभ्यासात सगळ्यात मोठ्या मादीचं वय अंदाजे ३९२ वर्षं निघालं, अंदाजात शंभराहून जास्त वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात, पण कमीत कमी धरलं तरी २७० च्या पुढे जातं. सगळ्यांना लागू असलेला नियम म्हणून म्हातारपणाकडे बघताच येत नाही, कोणाला ते लवकर येतं, कोणाला उशिरा, आणि थोड्यांना जवळजवळ येतच नाही.

मग आपल्याला का येतं? इथे खरी मजा आहे.

पीटर मेडावर या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये लंडनला एका भाषणात हा प्रश्न घेतला, पुढच्या वर्षी ते छापून आलं. त्यांनी परीक्षानळ्यांचा विचार करायला सांगितला. काचेच्या नळ्या म्हाताऱ्या होत नाहीत, पण हातातून पडून फुटतात, आणि फुटलेल्यांच्या जागी नव्या येतात. तेच आपण एका कल्पनेतल्या जनावराला लावू. हे जनावर अजिबात म्हातारं होत नाही, पण दर वर्षी अपघात, शिकारी, रोग यांत मरायची शक्यता १० टक्के. असे १००० जन्मले तर १० वर्षांनी साधारण ३४९ उरतील, २० वर्षांनी १२२, ३० वर्षांनी ४२ आणि ५० वर्षांनी फक्त ५. लक्षात घ्या की म्हातारपण अजून आलेलंच नाहीये तरी वयस्कर जवळजवळ कोणी नाही. आता एक जीन असं समजा जे दुसऱ्या वर्षी जनावराला आजारी पाडतं. ते टिकणार नाही, कारण जवळपास सगळ्यांनाच त्याचा फटका बसतो आणि ज्यांच्यात ते आहे त्यांची पिल्लंच कमी होतात. पण तेच जीन जर पन्नासाव्या वर्षी आजारी पाडणारं असेल तर? तिथपर्यंत ५ जणच पोचतात, आणि त्यांची बहुतेक पिल्लं तोपर्यंत होऊन गेलेली असतात, ते जीन पुढच्या पिढीत गेलेलं असतं. नैसर्गिक निवड त्याला पकडूच शकत नाही. असे दोष पिढ्यानपिढ्या साचत जातात आणि सगळे उतारवयाच्या कप्प्यात साचतात. जे. बी. एस. हाल्डेन यांनी याच्याही आधी, १९४१ मध्ये, हंटिंग्टन रोगाबद्दल हे बोलून दाखवलं होतं, तो भयंकर रोग एका जीनमधल्या दोषाने होतो पण लक्षणं बहुतेक वेळा तिशी ते पन्नाशीत दिसतात, तोपर्यंत मुलं झालेली असतात. पुढे १९६६ मध्ये विल्यम हॅमिल्टन यांनी हे सगळं गणितात बसवून दाखवलं की पुनरुत्पादन सुरू झाल्यावर वय वाढेल तसा निवडीचा जोर कमीच होत जातो.

बाबांना सांगायची मुख्य गोष्ट हीच. निसर्गाने आपल्याला मोडायचं ठरवलेलं नाही. आपण त्या वयात पोचू याची तयारीच झालेली नाही, कारण त्या वयात पोचणारे फार थोडे होते. त्यामुळे ‘हे असंच व्हायचं ठरलंय’ या म्हणण्याला मागे कोणी ठरवणारं नाही.

विल्यम्स यांनी १९५७ मध्ये यात अजून एक गोष्ट जोडली जी मला मेडावरपेक्षाही जास्त महत्त्वाची वाटते. काही जीन्स तरुणपणी फायद्याचे आणि म्हातारपणी तोट्याचे असतात, आणि तरुणपणाचा फायदा जवळजवळ सगळ्यांना मिळतो पण तोटा भोगायला थोडेच उरतात, म्हणून असे जीन्स नुसते टिकत नाहीत तर पसरतात. २००२ मधला उंदरांवरचा प्रयोग बघा, पी५३ नावाचं जीन कॅन्सर रोखतं, ते गरजेपेक्षा जास्त चालू असलेल्या उंदरांत कॅन्सर कमी झाला पण ते लवकर म्हातारे झाले, हाडं ठिसूळ झाली, अंग रोडावलं, आयुष्य कमी भरलं. मग १९७७ मध्ये टॉम कर्कवुड यांनी हेच खर्चाच्या बाजूने मांडलं. शरीराकडे ऊर्जा मोजकीच असते, ती दुरुस्तीत घालवायची की पिल्लांत हे बघावं लागतं, आणि वर्षभरात कोणीतरी खाणारच असेल तर वीस वर्षं टिकेल अशी दुरुस्ती करण्यात ऊर्जा घालवणाऱ्या उंदरापेक्षा ती पिल्लांत घालणारा उंदीर पुढे जातो.

आता बाबांच्या डोळ्याकडे येऊ, कारण हे सगळं समजून घ्यायला डोळ्यातल्या भिंगापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. हे भिंग मुख्यतः क्रिस्टॅलिन नावाच्या प्रोटीनचं असतं. भिंगातून प्रकाश आरपार जायला हवा म्हणून तिथल्या आतल्या पेशी मोठ्या होताना स्वतःचं केंद्रक आणि आतली बाकीची यंत्रणा काढून टाकतात, म्हणजे प्रकाशाला अडवणारं आत काही उरत नाही. नजर एकदम स्वच्छ. पण नवं प्रोटीन बनवायची सोय पण त्याच्याबरोबरच गेली. त्यामुळे भिंगाच्या गाभ्यातलं प्रोटीन आईच्या पोटात असताना बनतं ते शेवटपर्यंत तेच, बदलून मिळत नाही. बाबा आज ज्या भिंगातून बघतायत त्याचा गाभा त्यांच्या वाढदिवसापेक्षाही जुना आहे. इतक्या वर्षांत त्या प्रोटीनचे रेणू बिघडत जातात, एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, प्रकाश सरळ जायच्या ऐवजी पांगतो, तोच मोतीबिंदू. तारुण्यात स्वच्छ दिसण्यासाठी जी सोय झाली तिचीच किंमत सत्तरीत द्यावी लागतेय, आणि सत्तरीतला माणूस निवडीच्या हिशोबात जवळजवळ नव्हताच, म्हणून ती सोय कधी सुधारली गेली नाही. यात बाबांना जागा रिकामी करायला लावणारा हेतू कुठे दिसतोय का बघा. मला तरी दिसत नाही.

कानाचंही तसंच. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या ज्या केसासारख्या बारीक टोकांच्या पेशी असतात त्या आपल्यात एकदा मेल्या की परत येत नाहीत. पण पक्ष्यांमध्ये येतात! मोठ्या आवाजाने पक्ष्याच्या कानातल्या या पेशी मेल्या तरी काही आठवड्यांत नव्या उगवतात, हे १९८० च्या दशकात लक्षात आलं. म्हणजे हे काम अशक्य कोटीतलं नाही, सस्तन प्राण्यांच्या वाट्याला ते आलं नाही इतकंच. हत्तीचे दात बघा, दाढांचे सहा संच एकामागून एक येतात, शेवटचा संपला की नीट चावता येत नाही आणि म्हातारा हत्ती उपाशी मरू शकतो, सातवा संच काही येत नाही.

बाबा विचारतील पुरावा काय. विचारायलाच हवं. मेडावर आणि विल्यम्स बरोबर असतील तर ज्यांना बाहेरून मरणाची भीती कमी ते हळू म्हातारे व्हायला हवेत, आणि बहुतेक तसंच दिसतं. रात्री उडणारं वटवाघूळ उंदराच्या आकाराचं पण शिकाऱ्यांच्या तावडीत कमी सापडतं. पाळलेला उंदीर दोन-तीन वर्षं जगतो, आणि सायबेरियात खूण करून सोडलेलं जेमतेम ७ ग्रॅमचं ब्रँट जातीचं एक वटवाघूळ ४१ वर्षांनी जिवंत सापडलं. काळ्या बागमुंगीची राणी वारुळाच्या आत सुरक्षित, ती प्रयोगशाळेत २८ वर्षं जगल्याची नोंद आहे आणि तिच्याच कामकरी मुंग्या एक-दोन वर्षांत संपतात, जीन्स तेच असूनसुद्धा. समुद्रपक्ष्यांची तर मला फार आवड आहे, विजडम नावाच्या अल्बट्रॉस मादीच्या पायात १९५६ मध्ये कडं घातलं होतं, ती सत्तरी ओलांडून २०२४ मध्येसुद्धा अंडं घालत होती. अमेरिकेत जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळ सॅपेलो नावाचं बेट आहे, तिथे ओपोसम हे पिशवीवाले प्राणी हजारो वर्षं मोठ्या शिकाऱ्यांशिवाय राहिलेत, स्टीव्हन ऑस्टॅड यांनी त्यांची तुलना मुख्य भूमीवरच्या ओपोसमशी केली तर बेटावरचे जास्त जगतात, एका वेळी पिल्लं कमी घालतात आणि त्यांच्या शेपटीतले तंतूसुद्धा हळू जुने होतात. मायकल रोझ यांनी फळमाश्यांवर हे घडवूनच आणलं, पिढ्यान्पिढ्या फक्त वयस्कर माश्यांची अंडी पुढे वाढवली, म्हणजे वय झाल्यावरही जी माशी धड आहे तिलाच पुढची पिढी मिळणार, आणि माश्यांचं आयुष्य वाढत गेलं. तरुणपणीची अंडी मात्र कमी झाली.

सगळं इतकं सरळ नाही हेही बाबांना सांगा, त्यांना ते आवडेल. त्रिनिदादच्या ओढ्यांमधल्या गप्पी माशांवर डेव्हिड रेझनिक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये काम छापलं, त्यात जिथे शिकारी मासे जास्त तिथले गप्पी लवकर म्हातारे व्हायला हवे होते पण ते उलट जास्त जगले आणि जास्त वर्षं पिल्लं देत राहिले, फक्त पोहण्याचा चपळपणा लवकर कमी झाला. कोण मरतंय, कसं मरतंय, उरलेल्यांना खायला किती मिळतंय, या सगळ्याने हिशोब बदलतो. म्हणजे थिअरीला अजून धार लावायचं काम चालू आहे. पण या भांडणात कोणीही वाइझमानकडे परत जात नाहीये.

बाबा एक उदाहरण मात्र नक्की काढतील, पॅसिफिक सामन मासा. समुद्रातून नदीत येतो, अंडी घालतो आणि काही दिवसांत अक्षरशः कुजत मरतो, हे ठरवून केल्यासारखं नाही तर काय? दिसतं तसं खरं. पण त्याचं कारण हे की नदीत परत यायची संधी एकदाच, म्हणून जे आहे ते सगळं एका फेरीत ओतायचं. १९६१ मध्ये याच माशाच्या कोकनी नावाच्या प्रकारावर प्रयोग छापला गेला, ज्या माशांची प्रजननाची ग्रंथी आधीच काढून टाकली ते त्या वेळी मेलेच नाहीत, काही तर नेहमीच्या दुप्पट म्हणजे आठ वर्षांपर्यंत जगले. जागा करून द्यायला नव्हे, अंडी घालण्यासाठी सगळं खर्च केल्यामुळे ते मरतात. आणि माणूस सामन नाही, माणसाची पोरं वीस-वीस वर्षं सांभाळावी लागतात.

यावरून ‘मुलं मोठी झाली, काम संपलं’ यावर येतो, कारण मला वाटतं बाबांचं खरं दुखणं इथे आहे. उत्क्रांतीच्या भाषेतच बोलायचं तर माणूस हा त्या थोड्या प्राण्यांपैकी आहे ज्यांत मूल होणं थांबल्यावरही बाई अनेक वर्षं जगते. क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाडझा लोकांत बघितलं की म्हाताऱ्या बायका कंद खणून नातवंडांना पोसतात, आणि त्यावरून म्हणणं मांडलं की माणसाचं लांब आयुष्य घडण्यात आज्यांचा वाटा आहे. किलर व्हेलमध्ये माद्या चाळिशीच्या आसपास पिल्लं घालणं थांबवतात आणि पुढे कितीतरी वर्षं कळपाला वाट दाखवतात, अशी म्हातारी आई गेली की तिच्या मोठ्या झालेल्या मुलांचा, तिशी ओलांडलेल्या मुलांचासुद्धा, मरणाचा धोका खूप वाढतो.

पण एक विनंती आहे. हे सांगून बाबांना ‘बघा, निसर्गालाही तुमची गरज आहे’ असं म्हणू नका. पहिलं म्हणजे आज्यांसारखा पुरावा आजोबांबद्दल मिळालेला नाही आणि बाबा ते शोधून काढतील. आणि मुख्य म्हणजे, निसर्गाला गरज असणं हे जगण्याचं सर्टिफिकेट नाहीच. नैसर्गिक निवड जीन्सच्या प्रती मोजते, तिला माणूस दिसत नाही. तिला बाबांचं वाचन दिसत नाही, तुमच्याशी वाद घालणं दिसत नाही. तिच्या हिशोबात उतारवयाला वजन नाही म्हणून आपल्याही हिशोबात नसावं हे कुठून आलं? बाबांनी आयुष्यभर हजार गोष्टी निसर्गाच्या हिशोबाबाहेर केल्या असतील, चष्मा लावून वाचणं ही त्यातलीच एक, लस घेणं दुसरी. मोतीबिंदूलाच नेमकं तत्त्वज्ञान का लावायचं, हे त्यांना थेट विचारा. कदाचित थिअरीच्या मागे ऑपरेशनची भीती असेल, किंवा आपण कोणावर तरी ओझं होऊ असं वाटत असेल, आणि ते विचारल्याशिवाय बाहेर येणार नाही. विचारून गप्प बसा, त्यांना बोलू द्या.

ऑपरेशनबद्दल एक गोष्ट त्यांना आवडेल. १९४९ मध्ये लंडनमध्येच हॅरॉल्ड रिडली या डोळ्याच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. युद्धात विमानाच्या ॲक्रेलिक काचेचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते आणि डोळ्याने ते आश्चर्यकारकरीत्या सहन केले होते, त्यावरून त्यांना सुचलं. तेव्हा बाकीच्या डॉक्टरांनी खूप विरोध केला. आज तेच ऑपरेशन जगात सगळ्यात जास्त होणाऱ्या ऑपरेशनांपैकी आहे, बहुतेक वेळा पेशंट त्याच दिवशी घरी जातो. अंगात जे कधी बदललं जाणार नव्हतं ते माणसाने बदलायला शिकून घेतलं, यात मला लुडबुड दिसत नाही. दोन्ही डोळे सहसा एकदम नाही करत, आधी जास्त खराब असलेला डोळा करून घ्या आणि दुसऱ्याचं नंतर त्यांनाच ठरवू द्या. मोतीबिंदू फार पिकू दिला तर ऑपरेशन जास्त अवघड होतं हे त्यांच्या डॉक्टरांकडूनच त्यांना ऐकू दे, तुमच्याकडून नको. आणि कानाच्या मशीनला थोडा वेळ द्यावा लागतो, सुरुवातीला सगळं कर्कश लागतं, मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, सेटिंग परत परत करून घ्यावं लागतं, बरेच जण आठवडाभरात वैतागून ते कपाटात टाकतात. कमी ऐकू येण्याचा पुढे होणाऱ्या स्मृतिभ्रंशाशी संबंध कितीतरी अभ्यासांत दिसलाय, म्हणून हे मागे ठेवू नका.

व्यायामाचं पण बघा. १९९० मध्ये एक छोटा अभ्यास छापला गेला, वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या १० अशक्त लोकांना आठ आठवडे वजन उचलण्याचा व्यायाम दिला, ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. बंद पडायला ठरलेलं शरीर असं वागत नाही.

दादाचं काय. दादा बाबांच्या बरोबर उलट टोकाला आहे असं वाटतं, पण दोघांचा समज एकच आहे, की म्हातारपणाचं कुठेतरी एक बटण आहे. बाबा म्हणतात ते निसर्गाने दाबलंय, दादा म्हणतो मी ते उलटं दाबतो. वर जे सगळं लिहिलं त्यावरून लक्षात येईल की शेकडो दोष वेगवेगळ्या जागी साचलेत, भिंगाचा वेगळा, कानाचा वेगळा, रक्तवाहिन्यांचा वेगळा, एका गोळीने ते सगळे मागे जातील ही शक्यता फार कमी. दादा म्हणेल की १९९३ मध्ये सिंथिया केनियन यांनी एका कृमीमध्ये एकच जीन बदलून आयुष्य दुप्पट केलं, आणि ते खरं आहे, मोठाच शोध होता. पण अशाच जास्त जगणाऱ्या कृमींच्या एका जातीला २००० सालच्या प्रयोगात साध्या कृमींबरोबर ठेवून मधून मधून उपाशी ठेवलं तर साधे पुढे गेले आणि हे मागे पडले. फुकट काही मिळत नाही. द्राक्षांत सापडणाऱ्या रेझव्हेराट्रॉलचा इतका गाजावाजा झाला, उंदरांवर तीन प्रयोगशाळांत काटेकोर तपासलं तेव्हा साधा आहार घेणाऱ्या उंदरांचं आयुष्य त्याने वाढलं नाही. त्याच तपासणीत रॅपामायसिनने २००९ मध्ये वाढलं, तेही उंदीर म्हातारे झाल्यावर सुरू करून, म्हणजे या क्षेत्रात खरं काम होतंय आणि मला त्याबद्दल आशा आहे, पण रॅपामायसिन हे अवयव बदललेल्या पेशंटना प्रतिकारशक्ती दाबायला देतात ते औषध आहे, आपल्या मनाने घ्यायची गोष्ट नाही.

दादाशी भांडू नका, तो पण बाबांच्या काळजीनेच करतोय. त्याला एवढंच सांगा की बाबांना काहीही सुरू करायच्या आधी प्रत्येक डबीचा फोटो काढून डॉक्टरांना पाठव, आणि तो स्वतः जे घेतोय त्याचाही. काही सप्लिमेंट्समुळे रक्त पातळ होतं, काहींमुळे बीपीच्या किंवा शुगरच्या गोळ्यांचा असर बदलतो, आणि डोळ्याच्या डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधी हे माहीत असणं गरजेचं आहे. तपासणीच्या दिवशी बाबांबरोबर दादालाच पाठवा.